पंचेचाळीस मिनिटांची बाजू

आमच्या घरात राग मिनिटांत मोजला जायचा. आजोबांचा राग साडेतीन मिनिटांचा होता, काकांचा पंचेचाळीस मिनिटांचा. माझ्या पिढीचा राग किती मिनिटांचा, असं आत्या अधूनमधून विचारते आणि उत्तराची वाट न बघता म्हणते, ‘तुम्हाला काय, तुमचं संपतच नाही.’

आजोबांनी गाणं ऐकलं ते 78च्या तबकड्यांवर, आणि तेही दुसऱ्याच्या घरी. वाड्याच्या मालकांकडे फोनो होता. त्याला चावी द्यायचं काम मुलांचं. दहा इंची तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेब आजोबांच्या लेखी तेवढेच. सूर लागतो न लागतो तोच ताना, आणि लगेच सुई खरखरायला लागते. मिरजेत खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेले एक गृहस्थ त्यांच्या कचेरीत होते. ते म्हणत, ‘अहो, खाँसाहेब नुसता षड्ज लावायला तेवढा वेळ घेत.’ आजोबांना ही शुद्ध थाप वाटे. एरवी कुणाच्याही थापा हसून खपवून घेणारा हा माणूस या एका बाबतीत म्हातारपणापर्यंत हटून बसला होता, कारण पुरावा तबकडीवर होता.

केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीतून अंतराळात गेली, तीही साडेतीनच मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेच्या बैठकीत कुणी यंत्र बाहेर काढायची छाती करत नसे, असं आत्या सांगते. तिनं बाईंना प्रत्यक्ष ऐकलंय एकदाच, तेही शाळकरी वयात, आईच्या मांडीला टेकून. त्यातलं तिला गाण्यापेक्षा बाईंचा दरारा जास्त आठवतो.

मग स्पूल आले. पण ग्रुंडिगचा स्पूल रेकॉर्डर ही डॉक्टर-वकिलांच्या दिवाणखान्यातली चीज. आमच्याकडे रेडिओ होता. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952 मध्ये सुरू झाला आणि शनिवारची रात्र घरात ठरून गेली. दीड तास. जेवणं त्याआधी उरकायची, भांडी नंतर घासायची. साडेतीन मिनिटांचा राग पहिल्यांदा दीड तासाचा झाला तो तेव्हा. आजोबांनी त्या कचेरीतल्या गृहस्थांची मनातल्या मनात माफी मागितली असावी; उघड मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

ते दीड तास हवेत विरून जायचे, आणि ते घरात साठवून ठेवायची सोय आली ती एका खिशाच्या मापातून. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात लू ऑटेन्स नावाचे अभियंते होते. स्पूल रेकॉर्डरच्या धुडाला आणि फीत ओवण्याच्या कटकटीला कंटाळून त्यांनी लाकडाचा एक ठोकळा करून घेतला, कोटाच्या खिशात मावेल एवढा, आणि नवं यंत्र त्या मापात बसवायचं ठरवलं. 1963 मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट लोकांनी पाहिली. तो ऐतिहासिक ठोकळा मात्र ऑटेन्सनी पुढे गाडीचं चाक बदलताना जॅकखाली टेकू म्हणून लावला आणि तिथेच तो गेला. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे त्याचं स्मारक झालं असतं.

खिशात मावण्याची किंमत मोजावी लागलीच. फितीची रुंदी 3.81 मिलिमीटर, वेग सेकंदाला जेमतेम 4.76 सेंटिमीटर. स्टीरिओच्या एका चॅनलच्या वाट्याला 0.6 मिलिमीटरचा पट्टा येतो. बोलणं टिपून घ्यायला हे पुरेसं होतं. तंबोरा टिपायला नव्हतं.

हे ‘पुरेसं नाही’ ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्यात जपानचं नाकामिची हे नाव मोठं. एत्सुरो नाकामिची यांनी 1948 मध्ये टोकियोत काढलेली ही कंपनी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावानं यंत्रं बनवून देत होती. 1973 मध्ये तिनं स्वतःच्या नावानं ‘1000’ हा डेक काढला. तोवरच्या डेकमध्ये रेकॉर्ड करणारं आणि वाजवणारं हेड एकच असे. यात दोन्ही वेगवेगळी, पुसणारं तिसरं. कॅसेटच्या तोंडाशी ज्या खिडक्या असतात त्यांत एवढं सगळं कोंबणं म्हणजे काय, हे कॅसेट हातात धरून त्या खिडकीत डोकावलं तरच कळतं. आणि 1982 मध्ये आला ‘ड्रॅगन’. त्याच वर्षी जपानच्या दुकानांत पहिले सीडी प्लेयर लागले. कॅसेट जेव्हा सगळ्यांत उत्तम वाजायला लागली तेव्हाच तिची सद्दी संपवणारी वस्तू शेजारी येऊन बसली होती, आणि त्या वस्तूच्या जन्मातही ऑटेन्स यांचा हात होता.

काका बोटीवर इंजिनिअर होते. योकोहामाला बोट लागली की बाकीचे साड्या आणि घड्याळं बघायचे, काका लोकल पकडून टोकियोच्या अकिहाबारात, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जायचे. तिथे त्यांनी ड्रॅगन पाहिला, ऐकला, आणि न घेता परत आले. पुढच्या फेरीत घेतला. मधल्या काळात काय झालं, याची हकिकत ते प्रत्येक वेळी वेगळी सांगतात: कधी काकूची परवानगी आली, कधी जुनं देणं फिटलं, कधी दुकानदारानं ओळखलं. किमतीचा आकडा मात्र त्यांनी आजतागायत सांगितलेला नाही. काकूच्या मते तेवढ्या पैशांत कोथरूडला एक गुंठा आला असता. काका म्हणतात, गुंठ्यातून मालकंस ऐकू येत नाही.

जपानी बाजारातला डेक 100 व्होल्टचा, आपली वीज 230ची. मुंबईच्या गोदीतून, कस्टममधून, टॅक्सीतून आणि दख्खन एक्स्प्रेसमधून मांडीवर आलेलं ते खोकं घरी उघडलं, पण प्लग लावायची सोय नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळेपर्यंत घरातल्यांनी तो डेक फक्त पाहिला. शेजारपाजारचेही पाहून गेले. तो ट्रान्सफॉर्मर अजून चालू आहे, हलकासा गुणगुणतो, आणि कुठल्या स्वरात गुणगुणतो यावर आत्याचं ठाम मत आहे.

ड्रॅगनचं वैशिष्ट्य काय, हे काका मला लहानपणी पट्टी आणि कागद घेऊन समजावत. हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते आणि ती फितीला बरोबर काटकोनात लागावी लागते. या कोनाला अॅझिमथ म्हणतात. दहा हजार हर्ट्झचा आवाज फितीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी लांबीत लिहिलेला असतो. म्हणजे अर्ध्या अंशाची चूक झाली तरी तो जवळजवळ पुसला जातो. एकाच यंत्रावर भरून त्याच यंत्रावर ऐकलं तर काही बिघडत नाही, दोन्हीकडे वाकडं सारखंच. भानगड होते ती दुसऱ्याची कॅसेट लावली की. ड्रॅगनमध्ये एका चॅनलच्या वाचनाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केलेले आहेत. दोन्हीकडे आवाज एकाच क्षणी पोचतो की मागेपुढे, हे यंत्र सतत ताडून बघतं आणि एका छोट्या मोटरनं हेडचा कोन फिरवून घेतं. कसोटीची कॅसेट लागत नाही, चालू गाण्यावरूनच ते चालतं.

आता हे सगळं आमच्या घरी कशासाठी लागलं? कारण काकांकडे स्वतःच्या कॅसेट थोड्या आणि दुसऱ्यांच्या पुष्कळ. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात तेव्हा मैफलींच्या कॅसेटचं एक गुपचूप दळणवळण होतं. बाजारात कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्यांनी काढलेल्या शास्त्रीय संगीताच्या उत्तम कॅसेट मिळत. एसटी स्टँडवर प्रल्हाद शिंदे जोरात होते. पण घरगुती बैठकीतले मन्सूर, कुमारजी, वसंतराव हवे असतील तर कुणाला तरी कुणाकडून तरी ‘भरून’ आणावे लागत. एखाद्यानं सोनीच्या टीसी-डी5एमवर टिपलेली बैठक दुसरा आपल्या टू-इन-वनवर उतरवून घेई, त्याच्याकडून तिसरा. प्रत्येकाचं हेड आपापल्या कोनात वाकडं. शेवटच्या माणसाकडे पोचेपर्यंत गायक घोंगडी पांघरून गात असे.

अशी कॅसेट ड्रॅगनमध्ये घातली की पहिले काही क्षण तोच कोंदट आवाज. मग, तुम्ही सरसावून बसेपर्यंत, तंबोरा उघडतो. आधी होता तो नुसता ‘हूं’. आता त्यात जवारी आली. मिरजेच्या कारागिरानं घोडीवर कानस आणि दोऱ्यानं जे साधलं ते सगळं वरच्या कंपनांत असतं आणि कोन चुकला की आधी बळी जातं ते तेच. ख्यालातले शब्द, तबल्याचा बायाँ, टाळ्या, खोकला हे कसल्याही डब्यात ऐकू येतं. म्हणून पाश्चात्त्य बँडपेक्षा आपल्या गाण्याला या यंत्राची गरज जास्त आहे, असं माझं मत आहे. काकांच्या मते हे मत त्यांचं आहे आणि मी ते चोरलंय.

अर्थात ड्रॅगन वाचताना कोन सुधारतो, मागे लिहिताना जे गेलं ते आणून देत नाही. तिसऱ्या हातानं वाकडं उतरवून घेतलं असेल तर वरचे सूर त्या उतरवण्यातच मेलेले असतात. तिथे आमचे आठ-दहा किलोंचे पाहुणे काही करू शकत नाहीत. ज्यांना महागडं यंत्र घेतलं की सगळं सुंदर ऐकू येईल असं वाटतं त्यांना मी अशी एक मेलेली कॅसेट मुद्दाम ऐकवते.

पट्टीचंही तसंच. साधारण सहा टक्के वेग चुकला की अख्खा अर्धा स्वर चढतो किंवा उतरतो. ‘हे बुवा काळी एकचे, इथे पांढरी दोनमध्ये कसे?’ असं आत्या तंबोऱ्याच्या पहिल्या झंकाराला विचारते. मूळ रेकॉर्डरची बॅटरी उतरत आली असेल तर फीत हळू चालते, आणि तीच कॅसेट नीट चालणाऱ्या डेकवर लावली की गायक शेवटाकडे चढत जातो. मला हे आत्यानं सांगितलं तेव्हा मी मैफलीच्या रंगाचं कौतुक करत होते.

एक गोष्ट काका हमखास सांगतात ती रे डॉल्बींची. कॅसेटच्या सळसळीवर ज्यांच्या नावाचं बटण प्रत्येक चांगल्या डेकवर असतं, ते हे गृहस्थ 1963 ते 1965 या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत होते. आवाजातला गोंगाट कमी करण्याची युक्ती त्यांना भारतात असतानाच सुचली, आणि 1965 मध्ये लंडनला जाऊन त्यांनी प्रयोगशाळा काढली. काकांच्या सांगण्यात यात आणखी भर पडते: डॉल्बींनी चंदीगडला कुणाचं गाणं ऐकलं, कोण साथीला होतं वगैरे. ती भर मी इथे देत नाही. पण गंमत अशी, की आमच्याकडे येणारे निम्मे लोक हे बटण बंद ठेवायला सांगत. डॉल्बी लावून भरलेली कॅसेट डॉल्बीविना वाजवली की ती जरा तिखट, चकचकीत ऐकू येते, आणि लोकांना त्याचीच चटक लागली होती.

आता मास्तरांकडे यायला हवं. आमच्या शेजारचे मास्तर शाळेत गणित शिकवत आणि पुण्यातल्या अर्ध्याअधिक घरगुती बैठका टिपत. त्यांची स्वतःची पद्धत होती. सी-90 कॅसेट, सी-120 कधीही नाही. सी-120ची फीत इतकी पातळ की ताणली जाते आणि एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. बैठकीला निघण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या दातेरी भोकात नटराजची सहाकोनी पेन्सिल घालून सुरुवातीची कोरी, पारदर्शक पट्टी ते पुढे गुंडाळून ठेवत. त्या पट्टीवर काही उमटत नाही. न गुंडाळता बटण दाबलं तर पाचएक सेकंद फुकट, आणि बाजू पलटताना ते पाच सेकंद सोन्याचे.

बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि गायकाला त्याचं काय? विलंबित रंगात आलेला असतो, समेवर माना हलताहेत, आणि मास्तर मात्र सतरंजीच्या कडेला बसून खिडकीतून उरलेल्या वेढ्याची जाडी बघताहेत. तबलजीनं हातोडी उचलली, बुवांनी पाण्याचा पेला घेतला, तर चाळिसाव्या मिनिटालाही पलटायची. नाही घेतला तर जीव मुठीत. मन्सूर मास्तरांचे लाडके, त्याला गाण्याइतकंच हेही कारण: ते वीस-पंचवीस मिनिटांत राग मांडून पुढच्या रागाकडे वळत, एका बाजूत दोन बसत. भीमसेनजींचा मोठा ख्याल म्हटलं की मास्तरांना घाम फुटे. मैफल संपल्यावर लोक म्हणत, ‘काय गायले!’ मास्तर म्हणत, ‘घरी जाऊन ऐकेन.’ हा विनोद नाही. समोर बसून त्यांनी त्या वर्षांत गाणं ऐकलंच नाही, फक्त वेळ ऐकला. त्यांच्या कॅसेटच्या पुठ्ठ्यांवर सुरेख अक्षरात राग, ताल, तारीख आणि जागोजाग एक शब्द लिहिलेला असतो: ‘अर्धवट’.

ड्रॅगन ऐकताना स्वतःच बाजू बदलतो. भरताना बदलत नाही. तिथे हातानंच पलटावी लागते. मास्तरांना ही यंत्राची कुचेष्टा वाटते.

गेली काही वर्षं तो डेक माझ्याकडे आहे. काकांच्या बोटांना आता बटणं नीट सापडत नाहीत, म्हणून त्यांनी स्टेपडाउनसकट माझ्या घरी पाठवून दिला आणि ते स्वतःही रविवारी मागोमाग येतात. सांभाळणं सोपं नाही. रबराचे भाग कडक होतात, कपॅसिटर थकतात, हेड आणि पिंच रोलर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावे लागतात. तपकिरी डाग बोळ्यावर उतरला की बरं वाटतं. तपकीर गल्लीतले मिस्त्री झाकण उघडून आधी पाच मिनिटं नुसते बघत बसतात. ‘ताई, ह्याला हात लावायचा म्हणजे मूड पाहिजे,’ हे त्यांचं वाक्य. एकदा दुसऱ्या एकांकडे दिला होता, तो वेग बिघडून परत आला. तेव्हापासून मिस्त्रींच्या मूडची वाट बघते.

पण आत डोकावलं की थक्क व्हायला होतं. कॅसेटच्या आत, फितीच्या मागे, पातळ पितळी पट्टीवर चिकटवलेला लोकरीचा एक चिमुकला पॅड असतो; तो फितीला हेडवर दाबून धरतो. नाकामिचीनं ठरवलं, की या स्वस्तातल्या पॅडवर भरवसा ठेवायचा नाही. हेडच्या भोवती एक बारीक चौकट आहे, ती आत शिरताना पॅडला मागे ढकलते, आणि दोन बाजूंचे दोन कॅप्स्टन, म्हणजे फीत ओढणाऱ्या बारीक दांड्या, ती ताणून हेडला टेकवतात. दोघांची जाडी मुद्दाम वेगळी, म्हणजे एकाची थरथर दुसऱ्यात मिसळून वाढत नाही. याचा फायदा जपानी अभियंत्यांनी धरला असेल त्याहून पुण्यात जास्त झाला. जुन्या कॅसेटमधले ते पॅड डिंक वाळून गळून पडतात. दुसऱ्या डेकवर अशी कॅसेट म्हणजे अडखळणारी कुजबुज. आमच्याकडे ती धडधाकट वाजते. मास्तरांच्या कितीतरी कॅसेट अशा, पॅड गळलेल्या; पावसाळ्यात बुरशी धरली तर ती आधी झटकायची, एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवायची आणि मग लावायची.

रविवारी काका, आत्या आणि मास्तर तिघं जमतात. आम्ही एकेक कॅसेट लावून संगणकावर उतरवून घेतो. हल्ली जगभर हौशी लोक असे डेक वाट्टेल त्या किमतीला घेतात आणि त्यावर नव्या टेप भरतात. मला त्यात फारसा रस नाही. नवं गाणं ऐकायला माझ्याकडे फोन आहे. हा डेक दुसऱ्यांचं वाकडं लिहिलेलं वाचण्यासाठी आहे.

सध्या वाद पेटलाय तो एका जोगकंसवरून. गायक कोण ते सांगत नाही, कारण अशी कॅसेट आहे हे त्यांच्या घरच्यांना अजून ठाऊक नाही; पूर्ण झाली की एक प्रत आधी त्यांना द्यायची, असं ठरलंय. विलंबित ऐन भरात असताना ‘खट्’ होतं, आणि दुसऱ्या बाजूला थेट पुढची सम. मधलं आवर्तन गेलं. आत्या आणि मास्तर दोघंही त्या बैठकीला होते. आत्या म्हणते, त्या जागी बुवांनी तार षड्जावर मुक्काम केला आणि तबलजी थांबल्यासारखा झाला. मास्तर म्हणतात, छे, साधी बोलतान होती, षड्ज नंतर, बाजू दोन, मिनिट तीन, ऐका ना.

‘तुम्ही कॅसेट पलटत होतात,’ आत्या म्हणाली. ‘तुम्हाला काय माहीत?’

मास्तर गप्प झाले, मग म्हणाले, त्या रात्री खांबाच्या पलीकडे आणखी एक जण टिपत होता. सांगलीचा. आणि त्यानं मास्तरांच्या नंतर यंत्र सुरू केलं होतं, म्हणजे त्याची बाजू नंतर संपली असणार. ते गृहस्थ आता नाहीत, पण मुलाकडे खोकं आहे. मुलाला फोन झाला. कॅसेट द्यायला तयार आहे, फक्त कुरिअरनं पाठवणार नाही म्हणतो. कुणीतरी या आणि हातात घेऊन जा. काकांनी जायची तयारी दाखवली, तर काकूनं त्यांचा गुडघा मधे आणला. मास्तरांनी स्वारगेटहून सुटणाऱ्या सांगलीच्या गाड्यांच्या वेळा एका जुन्या कॅसेटच्या पुठ्ठ्यामागे उतरवून आणल्या आहेत, आणि मला कुठल्या रविवारी सवड आहे, ते विचारताहेत.